घामाची नस आणि हृदयाची गती

मागील अंकात तळहातांच्या अतिघामावर आलेल्या लेखात दुर्बिणीतून छातीतील नस कापण्याच्या शस्त्रक्रियेचा ओझरता उल्लेख होता. त्या चार ओळींवर जेवढी पत्रे आली तेवढी उरलेल्या लेखावर आली नाहीत, आणि बहुतेक पत्रांचा रोख एकच होता: हाताचा घाम थांबवताना हृदयाचे काय होते? सारखे प्रश्न एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, या वेळचे सदर मी त्यालाच दिले आहे. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, ही शस्त्रक्रिया स्वतः करत नाही. उत्तरे वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न: मी २६ वर्षांचा असून सांगली जिल्ह्यातील एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. शाळेपासून माझ्या तळहातांना इतका घाम येतो की परीक्षेत हाताखाली रुमाल ठेवून लिहावे लागे. आता मोजताना नोटा ओल्या होतात आणि हजेरीच्या यंत्रावर बोट उमटत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले औषध दोन महिने लावले, फारसा उपयोग झाला नाही. एका शल्यविशारदांनी दुर्बिणीतून नस कापण्याचा सल्ला दिला असून हृदयाला काहीही होत नाही असे सांगितले. आमचे फॅमिली डॉक्टर मात्र म्हणतात की ती नस हृदयालाही जाते आणि ती कापली की नाडी कायमची मंदावते. खरे काय समजावे?

उत्तर: दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. फक्त शल्यविशारदांनी ‘काहीही होत नाही’ असे न म्हणता ‘बहुतेकांना जाणवण्याइतके काही होत नाही’ असे म्हणायला हवे होते. या दोन वाक्यांतले अंतर लहान दिसले तरी ज्याची नस कापली जाणार आहे त्याला ते आधी कळलेच पाहिजे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या मुळांवरून, अनुकंपी चेतासंस्थेची एकेक साखळी वरून खाली जाते. तिच्यात ठरावीक अंतरावर चेतापेशींच्या गाठी असतात, म्हणून तिला साखळी म्हणतात. भीती, धावपळ, राग किंवा परीक्षा अशा प्रसंगी शरीराला सज्ज करणारे संदेश याच वाटेने जातात. तळहातांच्या घर्मग्रंथींकडे जाणारे तंतू मुख्यतः छातीतील दुसऱ्या आणि तिसऱ्या गाठींच्या पातळीवरून वर चढतात, पहिल्या बरगडीजवळच्या मोठ्या तारकाकृती गाठीतून पुढे जातात आणि मग हातात उतरतात. हृदयाला वेग देणारे तंतूही मज्जारज्जूच्या छातीतील पहिल्या चार-पाच खंडांतूनच निघतात आणि बऱ्याच अंशी याच साखळीचा आधार घेतात. हाताची आणि हृदयाची वाट इतकी एकत्र असल्यामुळे एकीला अजिबात धक्का न लावता दुसरी तोडणे शक्य होत नाही.

मग नाडी थांबत का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे कारण असे की हृदयाचा ठोका चेतातंतूंमुळे सुरू होत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील पेशींचा एक पुंजका स्वतःच ठोका देतो, आणि तरुण माणसात त्याचा स्वतःचा वेग मिनिटाला साधारण १०० असतो. विश्रांतीत आपली नाडी ६५-७० असते, ती व्हेगस नावाची दुसरी नस सतत लगाम ओढून धरते म्हणून. तुम्ही जिना चढू लागता तेव्हा आधी हा लगाम सैल होतो आणि नाडी शंभरीकडे जाते. त्यापुढे १५०, १७०, १९० पर्यंत नेण्याचे काम मुख्यतः अनुकंपी तंतूंचे आणि रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनलिनचे असते. घामाच्या शस्त्रक्रियेत व्हेगस नसेला हात लागत नाही आणि मूत्रपिंडांवरील ज्या ग्रंथी ॲड्रेनलिन स्रवतात त्याही शाबूत राहतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही नाडी वाढते, रोजच्या कामात पूर्वीसारखीच वाढते, फक्त अगदी वरच्या टप्प्यात ती पूर्वीइतकी उंच जात नाही आणि विश्रांतीतही थोडी खाली स्थिरावते.

मोजमापांत नेमके हेच दिसले आहे. गेल्या चार दशकांत वेगवेगळ्या देशांतील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वी, नंतर काही आठवड्यांनी आणि पुढे वर्ष-दोन वर्षांनी रुग्णांना सायकलवर किंवा धावपट्टीवर व्यायाम करायला लावून नाडी मोजली. विश्रांतीतील नाडी बहुधा मिनिटाला थोड्याच ठोक्यांनी उतरलेली आढळली, कमाल व्यायामातील नाडी त्याहून अधिक ठळकपणे उतरलेली आढळली, आणि तरीही बहुतेकांची व्यायाम करण्याची एकूण क्षमता फारशी घटलेली नव्हती. कारण ठोके कमी झाले की हृदय प्रत्येक ठोक्यात थोडे अधिक रक्त ढकलून भरपाई करते. उच्च रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी आम्ही जी बीटा ब्लॉकर गोळी देतो तिचा परिणामही असाच असतो. त्यामुळे या शस्त्रक्रियेची तुलना नेहमी ‘कमी मात्रेच्या बीटा ब्लॉकर’शी केली जाते, आणि ती योग्यच आहे. पण या तुलनेतला एक भाग अनेकदा सांगायचा राहून जातो: गोळी सोसली नाही तर उद्यापासून बंद करता येते, कापलेल्या नसेचे तसे नाही.

हा परिणाम किती होईल हे नस कोणत्या पातळीवर कापली जाते यावरही अवलंबून असते. दुसऱ्या बरगडीवर कापले तर त्याखालून वर येणारे सगळे तंतू तुटतात आणि हृदयाचा वाटा अधिक जातो. तिसऱ्या-चौथ्या बरगडीवर कापले तर वरच्या खंडांतून हृदयाकडे जाणारे बरेच तंतू वाचतात. पूर्वी दुसऱ्या पातळीवर सर्रास कापत असत, आता बहुतेक शल्यविशारद खालची पातळी पसंत करतात. हे मुख्यतः घामाच्या दुसऱ्या एका त्रासामुळे घडले, पण त्याचा लाभ हृदयालाही झाला. तेव्हा तुमच्या शल्यविशारदांना ‘कितव्या बरगडीवर कापणार?’ हा प्रश्न अवश्य विचारा. ज्याला या प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडे शस्त्रक्रिया करून घेऊ नये, असे माझे वैयक्तिक मत आहे.

अमेरिकेतील छातीच्या शल्यविशारदांच्या संघटनेने २०११ मध्ये या शस्त्रक्रियेविषयी तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले. त्यात योग्य रुग्णाची लक्षणे सांगताना, घाम सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेला असावा, झोपेत घाम येत नसावा, वजन बेताचे असावे, यांसोबत एक अट हृदयाची आहे: विश्रांतीतील नाडी मिनिटाला ५५ पेक्षा कमी नसावी. मुळातच मंद असलेली नाडी आणखी उतरली तर काय होईल, एवढाच त्यामागचा विचार आहे. शस्त्रक्रियेनंतर नाडी इतकी मंदावली की कायमचा पेसमेकर बसवावा लागला, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. शस्त्रक्रिया चालू असतानाच हृदय थांबल्याच्याही मोजक्या नोंदी आहेत. या घटना अत्यंत विरळ आहेत, परंतु त्या हाताच्या घामासाठी टेबलावर झोपलेल्या धडधाकट तरुण माणसांच्या बाबतीत घडलेल्या आहेत, हे विसरता येत नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा आहे. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, सलग आठवडाभर नाडी मोजून लिहून ठेवा. एक साधा ईसीजी काढा. कधी भोवळ आली असेल, घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल किंवा ईसीजीत विद्युतवहनाचा काही दोष दिसला, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटा; आवश्यक वाटल्यास ते २४ तासांचा हॉल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचे ठोके नोंदवणारे यंत्र, लावतील. थायरॉईडची रक्ततपासणीही करून घ्या, कारण वाढलेल्या थायरॉईडमुळे घामही येतो आणि नाडीही जलद होते, आणि अशा घामावर नस कापणे हा उपाय नव्हे. ईसीजी सरळ असेल आणि नाडी साठीच्या वर असेल, तर केवळ हृदयाच्या भीतीने ही शस्त्रक्रिया नाकारण्याचे तुम्हाला कारण नाही.

नाकारायचीच झाली तर तिचे कारण वेगळे असेल. हात कोरडे झाल्यावर पाठ, पोट, छाती आणि मांड्या यांवर पूर्वीपेक्षा जास्त घाम येऊ लागतो, त्याला भरपाईचा घाम म्हणतात. कमी-अधिक प्रमाणात तो बहुसंख्य रुग्णांना येतो. बऱ्याच जणांना तो चालतो, काहींना मात्र दिवसातून दोन-तीन वेळा सदरा बदलावा लागतो, आणि शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप करणाऱ्यांच्या तक्रारींत हीच सर्वांत मोठी असते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही म्हटले आहे की, ज्यांचा त्रास तीव्र असून इतर उपायांना दाद देत नाही अशांसाठीच या शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. तुमच्याबाबत ‘इतर उपाय’ म्हणजे दोन महिने लावलेले एक औषध. पाण्याच्या तबकात हात बुडवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याची आयन्टोफोरेसिसची पद्धत आहे. बोटॉक्सची इंजेक्शने आहेत, ती तळहातात दुखतात आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात. ऑक्सिब्युटिनिन किंवा ग्लायकोपायरोलेट या गोळ्या आहेत. गंमत अशी की या गोळ्यांचा हृदयावरील परिणाम शस्त्रक्रियेच्या उलट असतो, त्यांनी तोंड कोरडे पडते आणि नाडी थोडी वाढते. हे सगळे करून पाहिल्याशिवाय तुम्ही नस कापून घ्यावी असे मला वाटत नाही.

प्रश्न: मी ४१ वर्षांची असून नवी मुंबईत राहते. चौदा वर्षांपूर्वी तळहातांच्या घामासाठी दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली. हात कोरडे आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. दोन वर्षांपासून मी धावायला लागले आणि मनगटी घड्याळाने नवीच काळजी लावली. विश्रांतीत माझी नाडी ५४ दाखवते आणि कितीही जोरात धावले तरी १५०-१५५ च्या वर जात नाही. माझ्या वयाच्या मैत्रिणींची १७५ पर्यंत जाते. वर्षागणिक माझे हृदय अशक्त होत चालले आहे का? शिवाय पुढील महिन्यात पित्ताशयाच्या खड्यांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्या डॉक्टरांना जुन्या शस्त्रक्रियेविषयी सांगण्याची गरज आहे का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: होय, सांगितलेच पाहिजे, आणि शल्यविशारदांपेक्षाही भूलतज्ज्ञांना सांगितले पाहिजे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरून ते फुगवतात. पोटाचा पडदा ताणला गेला की व्हेगस नस उत्तेजित होते आणि नाडी एकदम मंदावू शकते; हे कोणाच्याही बाबतीत घडते. इतरांमध्ये अशा वेळी अनुकंपी तंतू हृदयाला सावरून धरतात. तुमच्याकडे तो आधार अर्धवट आहे. रक्तदाब घसरला की नाडी वाढवून तो सावरण्याची जी आपोआप चालणारी यंत्रणा शरीरात असते, ती या शस्त्रक्रियेनंतर दबलेली असते, हे भूलशास्त्रातील अभ्यासांत दाखवले गेले आहे. यावर उपाय कठीण नाही. भूलतज्ज्ञ ॲट्रोपिन हे नाडी वाढवणारे इंजेक्शन भरून हाताशी ठेवतील, वायू सावकाश भरायला सांगतील आणि नाडीवर अधिक बारीक लक्ष ठेवतील. मात्र हे सगळे त्यांना आधी माहीत असेल तरच होईल. काखेतील दोन-तीन पुसट व्रण पाहून चौदा वर्षांपूर्वी काय झाले होते ते कोणालाही ओळखता येणार नाही. जुन्या रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद सापडत असेल तर त्यावर कोणत्या बरगडीवर नस कापली आहे ते पाहा आणि त्याची प्रत सोबत न्या.

आता घड्याळाविषयी. ‘२२० वजा वय’ या सूत्राने तुमची अपेक्षित कमाल नाडी १७९ येते. हे सूत्र मुळातच ढोबळ आहे, आणि ज्यांची अनुकंपी साखळी कापलेली आहे त्यांना ते लागू करण्यात तर काहीच अर्थ नाही. घड्याळ तुमचा व्यायाम सदैव ‘मध्यम’ पट्ट्यात दाखवत राहील आणि तुम्ही मात्र पूर्ण दमलेल्या असाल. त्यामुळे श्रमाचा अंदाज नाडीवरून न घेता बोलण्यावरून घ्या. सलग वाक्य बोलता येत असेल तर वेग सोपा आहे, दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर तो कठीण आहे. आमच्या आईवडिलांच्या पिढीत पहाटे फिरायला जाणारी मंडळी याहून वेगळे काही करत नव्हती.

हृदय वर्षागणिक अशक्त होत आहे का, या प्रश्नात मात्र दोन गोष्टी मिसळल्या आहेत. नाडी मंद असणे आणि हृदयाचा स्नायू अशक्त असणे या पूर्णपणे वेगळ्या बाबी आहेत. या शस्त्रक्रियेने हृदयाचा स्नायू झिजतो किंवा पंप करण्याची ताकद वर्षानुवर्षे घटत जाते, असे पाठपुराव्याच्या अभ्यासांत दिसलेले नाही. नाडीतील बदल पहिल्या काही आठवड्यांत होतो आणि साधारण तिथेच राहतो. काहींमध्ये तो काळाबरोबर थोडा सौम्यही होतो. मात्र हे अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि त्यांचा कालावधी काही महिन्यांपासून थोड्या वर्षांपर्यंतचा आहे. ज्या पिढीने १९९० च्या दशकात मोठ्या संख्येने ही शस्त्रक्रिया करून घेतली ती आता पन्नाशी-साठीत येत आहे, म्हणजे जे वय एरवीही हृदयरोगाचे असते त्या वयात.

त्या वयात काळजी घ्यावी लागते ती अशी. वाढत्या वयात काहींच्या हृदयातील ठोका निर्माण करणारा पुंजका किंवा विद्युतवहनाची वाट आपणहून थकत जाते. ज्यांचा अनुकंपी आधार शाबूत असतो त्यांना हे उशिरा जाणवते. तुमच्यासारख्यांना ते लवकर जाणवू शकते. तसेच पुढे रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर, किंवा डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल अशी गोळी कोणी लिहून दिली, तर मंद नाडीवर आणखी एक लगाम चढेल. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांचा विचार सहसा कोणी करत नाही, पण तोही बीटा ब्लॉकरच असून रक्तात उतरतो आणि नाडी मंदावतो. ही औषधे तुम्हाला वर्ज्य आहेत असे नव्हे. ती देणाऱ्या डॉक्टरांना तुमची पार्श्वभूमी माहीत असावी आणि सुरुवात कमी मात्रेने व्हावी, एवढेच.

तुम्ही आठवड्यातून अनेकदा धावता, तुम्हाला भोवळ येत नाही, दम पूर्वीपेक्षा लवकर लागत नाही; अशा व्यक्तीत ५४ ही नाडी मला अजिबात घाबरवत नाही. नियमित धावणाऱ्यांची नाडी शस्त्रक्रियेशिवायही पन्नाशीत असते. तरीही पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने ईसीजी होईलच, तो जपून ठेवा. त्यात काही वेगळे आढळले किंवा पुढे कधी उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पायऱ्यांवर अचानक गळून गेल्यासारखे झाले, तर हॉल्टर आणि टीएमटी (धावपट्टीवर चालवून काढलेला ईसीजी) या दोन तपासण्या करून घ्या. टीएमटी करताना तंत्रज्ञाला सांगा की तुमची नाडी ठरलेल्या लक्ष्यापर्यंत पोहोचणार नाही, नाहीतर ‘तपासणी अपुरी’ असा शेरा मारून तुम्हाला निष्कारण पुढच्या महागड्या चाचण्यांकडे पाठवले जाईल.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण धावता म्हणून सांगतो. तुमच्या हातांना घाम येत नाही आणि कदाचित चेहऱ्यालाही कमी येत असेल. शरीर थंड ठेवण्याचा पृष्ठभाग तेवढा कमी झाला आहे. नवी मुंबईच्या दमट हवेत घाम असाही नीट वाळत नाही. मार्च ते जूनमध्ये उजाडण्यापूर्वीच धावणे उरका, डोक्यावर आणि हातांवर पाणी ओता, आणि घड्याळातील नाडी कमी आहे म्हणजे शरीर तापलेले नाही असे कधीही समजू नका.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतो. हाताला इतका घाम येतो की गोळा निसटतो; तो माती चोळून फेकतो. १६०० मीटर मात्र चांगले धावतो. गावातील एकाने शस्त्रक्रिया करून घेतली, त्याचे हात कोरडे झाले. भरतीपूर्वी मुलाचीही करून टाकावी का? (एक पालक, सातारा जिल्हा)

उत्तर: भरतीपूर्वी घाईने मुळीच करू नये. मैदानी चाचणीत १६०० मीटरचे गुण गोळाफेकीपेक्षा अधिक असतात, आणि १६०० मीटर ही नेमकी अशी शर्यत आहे की जिच्यात शेवटच्या फेरीला नाडी आपल्या कमाल मर्यादेला टेकते. शस्त्रक्रियेने जो वरचा टप्पा खाली येतो तोच इथे वापरला जातो. चांगला सराव असलेल्या मुलांना फार फरक पडणार नाही असे अभ्यास सांगतात, परंतु काही सेकंदांवर गुण ठरणाऱ्या स्पर्धेत ‘फार’ हा शब्द पुरेसा नाही. त्यात भरपाईचा घाम पाठीवर आणि मांड्यांवर वाहू लागला तर खाकी गणवेशात, उन्हात तासन् तास बंदोबस्ताला उभे राहणाऱ्याला तो हाताच्या घामापेक्षा जड जाईल.

७.२६ किलोचा गोळा ओल्या हातातून निसटतो ही अडचण खरी आहे, पण ती वर्षातल्या मोजक्या दिवसांची आहे, आणि तिच्यासाठी तात्पुरता उपाय योग्य. २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रात्री पूर्ण कोरड्या हाताला लावून सकाळी धुवायचे, हे चाचणीच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करता येते. त्वचा चरचरली तर एक दिवसाआड लावावे. आयन्टोफोरेसिसचाही सुरुवातीला आठवड्यातून तीन बैठका या हिशेबाने त्याच सुमारास आरंभ करता येईल. घाम कमी करणारी गोळी द्यायची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा कधीही देऊ नका. ती घाम थांबवते म्हणजे अंग तापण्याचा धोकाही वाढवते. आपापसात चर्चा करून कोणी मुले धडधड कमी व्हावी म्हणून प्रोप्रॅनोलॉल ही बीटा ब्लॉकर गोळी घेतात असे माझ्या कानावर आले आहे. शर्यतीच्या दिवशी ही गोळी म्हणजे स्वतःच्या पायात दोरी बांधण्यासारखे आहे.

नोकरी लागल्यावर, अंगाची वाढ पूर्ण झाल्यावर, इतर सगळे उपाय थकल्यावर, आणि मुलाने स्वतः सगळे धोके समजून घेऊन इच्छा दाखवल्यावर पुढचे पाहता येईल. पत्र तुम्ही लिहिले आहे. मुलाला काय वाटते ते त्यात कुठेच नाही.

प्रश्न: माझ्या भाचीला लंडनमध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या जन्मजात दोषासाठी छातीतील डावीकडची नस कापण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. मागील अंकातील लेखात हीच शस्त्रक्रिया घामासाठी असल्याचे वाचले. ज्या शस्त्रक्रियेने हृदयावर परिणाम होतो म्हणून घाबरायचे, तीच हृदयरोग्याला कशी देतात? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: तुमच्या प्रश्नाने या शस्त्रक्रियेच्या इतिहासालाच हात घातला आहे. ही शस्त्रक्रिया घामासाठी सुरू होण्यापूर्वी हृदयासाठी सुरू झाली. रुमानियातील थोमा योनेस्कू यांनी १९१६ मध्ये छातीत वेदना होणाऱ्या एका हृदयरोग्याची अनुकंपी साखळीतील गाठ काढली आणि त्याच्या वेदना थांबल्या. घामासाठी तिचा वापर १९२० मध्ये कोत्झारेफ यांनी केला. दुर्बिणीतून ती १९४० च्या दशकात होऊ लागली, आणि पुढे ऑस्ट्रियातील कुक्स यांनी १९५० च्या दशकात अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या.

तुमच्या भाचीला बहुधा दीर्घ क्यूटी हा दोष असावा. त्यात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुन्हा सज्ज व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या नाजूक क्षणी अचानक दचकल्यामुळे किंवा धावपळीमुळे अनुकंपी संदेशांची लाट आली तर ठोके भरकटून जीवघेणे होऊ शकतात. ती लाटच थोपवायची, हा शस्त्रक्रियेचा हेतू. १९७१ मध्ये अमेरिकेत मॉस आणि मॅकडोनल्ड यांनी अशा रुग्णाची डावीकडची साखळी कापून ते करून दाखवले. डावी बाजू निवडण्याचे कारण असे की ठोका सुरू करणाऱ्या पुंजक्यावर उजव्या बाजूच्या तंतूंचे वर्चस्व असते, तर खालच्या कप्प्यांवर डाव्या बाजूच्या तंतूंचा प्रभाव मोठा असतो. डावी बाजू कापली की धोकादायक लाट थांबते आणि नाडीचा वेग मात्र फारसा मंदावत नाही. घामाच्या शस्त्रक्रियेत हात दोन असल्यामुळे दोन्ही बाजू कापाव्या लागतात, आणि म्हणून नाडीवरील परिणाम तिथे अधिक दिसतो.

तेव्हा यात विसंगती नाही. भाचीच्या बाबतीत हृदयावरचा परिणाम हाच उपचार आहे, आणि तो एका जीवघेण्या धोक्याच्या बदल्यात घेतला जात आहे. सांगलीच्या रोखपालांच्या बाबतीत तोच परिणाम निरोगी हृदयावर, ओल्या नोटांच्या बदल्यात होणार आहे. भाचीला या दोषासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या सोसत नसतील किंवा गोळ्या घेऊनही बेशुद्धीचे झटके येत असतील, तर तिच्या डॉक्टरांचा सल्ला माझ्या मते योग्य दिशेचा आहे. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, एवढे तिला आवर्जून सांगा. आणि डावा हात कोरडा व उजवा ओला असे झाले तर घाबरू नये, हेही.

प्रश्न: नस कापण्याऐवजी क्लिप लावून घेतली तर ती नंतर काढता येते आणि नाडी, घाम सगळे पूर्ववत होते, असे जाहिरातीत वाचले. हे खरे आहे का?

उत्तर: क्लिप काढता येते हे खरे आहे, सगळे पूर्ववत होते याची हमी मात्र कोणी प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. क्लिपच्या दाबाखाली तंतू मरतात, आणि ते पुन्हा वाढतील की नाही हे क्लिप किती काळ होती यावर बरेचसे अवलंबून असते. काही रुग्णांना क्लिप लवकर काढल्यावर भरपाईच्या घामात आराम पडलेला आहे, काहींना काहीच फरक पडलेला नाही. शिवाय क्लिप काढायची म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा फुफ्फुस मिटवणे आणि पुन्हा छातीत दुर्बीण आलीच. ‘परत फिरता येते’ या आश्वासनावर विसंबून क्लिप लावून घेऊ नका. ती कायमची आहे असे धरूनही तुमचा निर्णय बदलत नसेल, तरच पुढे जा.